युती की आघाडी?

शिरपूरहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: दोन पक्ष असले की युती आणि जास्त असले की आघाडी, असं क्लासमध्ये सांगतात, ते बरोबर आहे का? आणि ‘सत्तावाटप’ हा शब्द योग्य आहे का?

पक्ष मोजून हे ठरत नाही. १९९५ला मनोहर जोशींचं सरकार आलं ते शिवसेना-भाजप या दोन पक्षांच्या युतीचं, इथवर नियम चालतो. पण २०१४च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत तीच युती लहान मित्रपक्ष घेऊन वाढली, तर नाव झालं महायुती. शिवाय मुंबईत ‘युती’त असलेला भाजप दिल्लीत ‘राष्ट्रीय लोकशाही आघाडी’त असतो. निवडणुकीआधीची ती युती, नंतरची ती आघाडी, हाही नियम टिकत नाही. १९९९ला निकालानंतर एकत्र आलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादीने २००४ची निवडणूक जागा वाटून एकत्र लढवली, तरी नाव आघाडीच राहिलं.

फरक आहे तो शब्दांच्या घराण्यात. ‘युती’ संस्कृत ‘यु’ धातूवरून आली, म्हणजे जोडणं, मिसळणं. (धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, याच धातूचा ‘अमिश्रण’, म्हणजे वेगळं करणं, असाही अर्थ दिला आहे!) राजकारणात येण्याआधी ती पंचांगात होती. २१ डिसेंबर २०२०ला गुरू आणि शनी आकाशात जवळजवळ एकमेकांना टेकलेले दिसले, त्या घटनेलाही महायुतीच म्हणत होते. प्रत्यक्षात त्यांच्यात ७३ कोटी किलोमीटरच्या आसपास अंतर होतं. जवळ यायचं पण आपली कक्षा सोडायची नाही, हा अर्थ मला या शब्दात फार नेमका वाटतो. मित्रपक्षही आपापलं चिन्ह राखूनच असतात.

‘आघाडी’ मातीतली आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलात तर घोडा बांधलेला नीट बघा. पुढच्या पायांचा दोर ती आगाडी, मागच्यांचा ती पिछाडी. मूळ ‘अग्र’, पुढचा भाग. तिथून फौजेची पुढची फळी झाली. म्हणून आघाडी म्हटलं की समोर कुणीतरी उभं असावं लागतं. आपण ‘आघाडी उघडली’ म्हणतो, ‘तिसरी आघाडी’ म्हणतो. ‘तिसरी युती’ कुणी म्हणत नाही. युतीत नजर एकमेकांकडे असते, आघाडीत समोरच्याकडे. पक्षांनी घेतलेली नावं मात्र आता विशेषनामं झाली आहेत, ती जशीच्या तशी लिहावीत. सर्वसाधारण अर्थाने ‘आघाडी सरकार’ लिहा. ‘संमिश्र सरकार’ही चूक नाही.

आता सत्तावाटप. आपल्याकडे वाटणी म्हटली की भावाभावांमधला बांध आठवतो, वाटणीनंतर चूल वेगळी होते. मंत्रिमंडळात तसं होत नाही. खाती वेगवेगळ्या पक्षांकडे गेली तरी संविधानाच्या कलम १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. त्यामुळे या शब्दाने माझं मन भरत नाही. वाटली जातात ती खाती. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर नेता येत नाही, म्हणजे आपल्या २८८च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह ४३. केंद्र आणि राज्यं यांच्यातला प्रकार वेगळा: सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची आहे, तिथे कुणी सौदा करून काही वाटत नाही. उत्तरपत्रिकेत मित्रपक्षांपुरतं ‘खातेवाटप’ लिहा आणि केंद्र-राज्यांसाठी ‘अधिकारविभागणी’.