पेव्हर ब्लॉक उचला, मग बागेचं बोलू

वाचकांचे प्रश्न : घर, शाळा, अंगण

प्रश्न : जुन्या नाशकात आमची शाळा आहे. जागा सात गुंठे, तिन्ही बाजूंनी इमारती, दोन पाळ्यांत मिळून सहाशेच्या वर मुलं. पुढे साधारण ४० बाय ६० फुटांचं अंगण आहे, सगळं पेव्हर ब्लॉकचं. मध्ये एकच कडुनिंब. एका माजी विद्यार्थ्याने शाळा हिरवी करण्यासाठी चार लाख रुपये देऊ केलेत. संस्थेत तीन मतं आहेत : गच्चीवर बाग, दर्शनी बाजूला कुंड्यांची हिरवी भिंत, किंवा अंगणात कृत्रिम हिरवळ. तुम्ही काय सुचवाल?
– मुख्याध्यापिका, जुने नाशिक

उत्तर : बाई, तिन्ही सध्या बाजूला ठेवा. पहिला रुपया पेव्हर ब्लॉक उचलण्यावर खर्च करा.

मी ३० वर्षं या शहरात आर्किटेक्ट म्हणून काम करते. त्यातली बरीच कामं शाळांच्या डागडुजीची. एका एप्रिलमध्ये अशाच एका शाळेत मोजमापं घ्यायला गेले होते. अंगणात खडूने आखलेले ठिकरीचे चौकोन दिसले, एक नाही, पाच-सहा. पहिले झाडाच्या पश्चिमेला, पुढचे थोडे उत्तरेला, शेवटचे पूर्वेच्या भिंतीशी. सावली सरकली तसा मुलींनी खेळ सरकवला होता. बाकीचं सगळं अंगण रिकामं. एवढ्या जागेत मुलांना खरोखर वापरता येत होती ती एका झाडाच्या सावलीएवढीच. तुमच्या अंगणातही दुपारच्या सुट्टीत नुसतं उभं राहून बघा.

सिमेंटचा ब्लॉक दिवसभर ऊन पितो आणि दुसरी पाळी सुटेपर्यंत ते सोडत राहतो. कृत्रिम हिरवळ उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, तिच्यावर पैसे घालूच नका. ओली माती पाणी उडवून थंड होते, झाडाची पानंही तेच करतात. पॅरिससारख्या दाटीच्या शहरातही २०१८ पासून शाळांची डांबरी अंगणं उखडून माती आणि झाडं आणायचं काम चाललं आहे. त्या कामाला त्यांनी ‘ओॲसिस’ असं नाव दिलंय.

सुरुवात कडुनिंबापासून करा. बहुतेक शाळांत झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा पार अगदी आवळून बांधलेला असतो. वाढणारी साल त्या काठावरून ओठासारखी बाहेर फुगून आलेली मी पाहिली आहे. पार फोडायला माणूस लावा, जेसीबी नको. बुंध्यापासून चारही बाजूंना सहा-सात फूट जमीन मोकळी करा. मुळांजवळ पहार चालवू नका, खुरपीने आणि हाताने माती सैल करा. बुंध्यावर नवी माती चढवू नका, साल कुजते. फांद्या तोडायच्या असतील तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, १९७५ चा कायदाच आहे. संस्थेतलं कुणी ‘एवढं काय त्यात’ म्हणालं तरी ती घ्या.

सगळे ब्लॉक काढायचे नाहीत. फाटकापासून जिन्यापर्यंतची वाट पक्की आणि मोकळी ठेवा, अग्निशमनाची गाडी तिथूनच येणार. पावसाळ्यात वर्गात चिखल जाऊ नये म्हणून त्या वाटेच्या शेवटी खडबडीत काळ्या दगडाच्या फरश्या घाला. कबड्डी आणि प्रार्थनेपुरता मुरूम दाबून घ्या. उरलेला तिसरा हिस्सा, भिंतींच्या कडेकडेने, मातीला द्या. ब्लॉकखाली दगडाची कच निघेल. ती वीतभर तरी काढून शेणखत मिसळलेली माती भरा, नाहीतर रोपं पहिल्या उन्हाळ्यातच जातील.

पालक चिखलाची तक्रार करतील. पालकसभा जुलैत, पहिल्या जोरदार सरीनंतर, अंगणातच घ्या. ज्या शाळेचं मी सांगतेय, तिथे मोकळ्या केलेल्या पट्ट्यात आम्ही काही लावायच्या आतच तरोटा उगवून आला. मी तण म्हणून काढायला सांगणार होते. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पेठ तालुक्यातल्या. त्यांनी कोवळी पानं ओच्यात खुडून घेतली आणि मुलांना विचारलं, ‘ही भाजी कोण ओळखतं?’ सात-आठ हात वर आले. परिसर अभ्यासाचा तास त्या दिवशी तिथेच झाला.

आता गच्ची. वीतभराहून थोडी जास्त, म्हणजे ३० सेंटिमीटर ओली माती दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या पुढे जाते. साध्या वापरत्या गच्चीचं गणित १५० किलो धरून केलेलं असतं. व्हिएतनाममधल्या बिएन होआ इथे ५०० मुलांची बालवाडी आहे, तिचं अख्खं छत हिरवं आहे आणि त्यावर भाजीपालाही पिकतो. पण ते वजन तिथे पायापासूनच हिशेबात धरलेलं आहे. तुमची इमारत तशी बांधलेली नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीवर मातीची एक गोणीही चढवू नका.

आणि हिरवी भिंत. पंधरा वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका शाळेत मी स्वतः अशी भिंत उभी केली. मेच्या सुट्टीत पंप बंद पडला, शिपाई गावी गेलेले. जूनमध्ये मुलं आली तेव्हा त्यांनी स्वतः लावलेली प्रत्येक कुंडी वाळून करडी झालेली. पहिलीतला एक मुलगा आपली कुंडी शोधत होता, ते मला अजून विसरता येत नाही. शाळेतलं झाड निवडताना पहिला प्रश्न हाच : कुणीही पाणी न घालता ते मे महिना काढेल का? बहावा, कांचन, आपटा, करंज दोन-तीन वर्षं जपले की काढतात. तोवर प्रत्येक रोपाशेजारी पाणी झिरपणारं एक साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि आठवड्यातून एकदा भरून झाका. तेवढ्यासाठी सुट्टीतला माणूस आत्ताच ठरवा. पिवळी कण्हेर लावू नका, तिचं सगळं झाड विषारी आहे आणि मुलं बिया फोडतात. गुलमोहरही नको, वादळात त्याच्या फांद्या मोडतात.

एक गोष्ट शोधून बघा. तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात मागच्या चौकात आड होता. जुन्या नाशकातल्या बऱ्याच जागांत असायचा आणि पुढे फरशीखाली गाडला गेला. तुमच्या शाळेच्या जागेत असेल तर जुन्या शिपायांना माहीत असेल. शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवरून गळती-वाफ वजा जाता दीड लाख लिटरच्या वर पाणी येतं, आणि ते आज गटारात जातं. पन्हाळीला गाळणी बसवून ते आडात सोडा. आडावर पक्की लोखंडी जाळी आणि कुलूप मात्र पाणी सोडायच्या आधी बसवा.

प्रश्न : मुलाचा वर्ग सर्वांत वरच्या मजल्यावर, खिडक्या पश्चिमेला. मार्चपासून मुलं घामाने भिजतात. शाळा एसी बसवून फी वाढवणार म्हणते. दुसरा काही उपाय?
– एक पालक, इंदिरानगर

उत्तर : तुमच्या मुलाच्या वर्गाला ऊन दोन बाजूंनी येतं, वरून आणि पश्चिमेकडून. दोन्हींचे उपाय वेगळे.

नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, म्हणून स्लॅब सगळ्यात जास्त तापतो. त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करून घ्या. तेवढे पैसे नसतील तर दर फेब्रुवारीत चुन्याचे दोन हात द्या. हे काम एका रविवारी होतं.

पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, ते छज्ज्याला जुमानत नाही. त्याला उभाच आडोसा हवा. भिंतीपासून दीड फूट पुढे तारेची जाळी ठोकून खालच्या जमिनीतून मधुमालती चढवली तर दोन मजल्यांपर्यंत काम होतं. वरच्या मजल्यासाठी केरळातले आर्किटेक्ट लॉरी बेकर करत तशी विटांची जाळी, नाहीतर उभ्या फळ्या. समोरच्या भिंतीत वर झरोके नसतील तर तेही पाडून घ्या, गरम हवेला वाट मिळाली पाहिजे. बंद खिडक्यांच्या एसी वर्गात ५० मुलांच्या श्वासाची हवा तिथेच फिरते आणि मुलं पेंगतात.

एक मात्र कळकळीने सांगते. सावलीसाठी छतावर गवत, झाप किंवा प्लॅस्टिकची हिरवी जाळी कुणी सुचवली तर लेखी विरोध करा. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये शाळेचं झापांचं छत पेटलं आणि ९४ मुलं गेली.

प्रश्न : आमच्या घराला लागून असलेल्या शाळेने कुंपणाला दाट झाडी लावायचं ठरवलंय. डास आणि साप होतील, अशी आम्हा रहिवाशांची भीती आहे.
– एक ज्येष्ठ नागरिक, सिडको

उत्तर : आजोबा, डेंग्यूचा डास पानांत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे कुंड्यांच्या ताटल्या, टाकीचं झाकण, गच्चीवरचे जुने बाक आणि टायर शाळेने आठवड्यातून एकदा कोरडे केले की डासांचा प्रश्न बराच आटोक्यात येतो. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर उघड्या खरकट्यावर आणि विटा-फरशांच्या ढिगात राहतात. शाळेला सांगा की झाडी कुंपणापासून दोन फूट आत लावा, खालच्या फांद्या गुडघ्यापर्यंत छाटत जा, आणि बांधकामाचा राडारोडा तिथे टाकू नका. खिचडीच्या भांड्यांचं धुण्याचं पाणी कुठे जातं तेही विचारा. बहुधा ते तुमच्या भिंतीलगतच्या गटारात तुंबत असेल. त्याला शोषखड्डा करून दिला, तर लावलेल्या झाडांना पाणीही मिळेल.