पट्टीने ओढलेली रेघ फुगते म्हणजे रक्त खराब आहे असं नसतं

ताई, तुमची लेक पट्टीच्या टोकाने हातावर नाव लिहिते आणि थोड्या वेळात अक्षरं फुगून वर येतात, शेजारच्या काकू म्हणतात रक्त खराब आहे, रक्तशुद्धीचं औषध द्या. नका देऊ. माझ्या अंगावर कॉलेजपासून असंच उठतं, इथे नाशिकरोडला थंडीत बॅगचा पट्टा खांद्यावर घासला तरी दोरीसारखा वळ येतो.

होतं काय, तर बोथट टोक अगदी हलकं फिरवलं की 15-20 सेकंदांत पांढरट रेघ दिसते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. जोरात ओढलं की उलट, आधी दाबलं तिथेच लाल रेघ, मग अर्ध्या मिनिटात आजूबाजूला लाली पसरते, मग दोनतीन मिनिटांत फुगवटा. तो फुगवटा म्हणजे वाहिन्यांतून झिरपलेलं पाणी. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी हे तिन्ही टप्पे माणसांच्या कातडीवर बघून 1927 मध्ये सविस्तर मांडले, दुखावलेल्या कातडीतून हिस्टामिनसारखं (म्हणजे खाज-सूज आणणाऱ्या शरीरातल्याच रसायनासारखं) काहीतरी सुटतं हेही त्यांनीच सांगितलं.

मला सगळ्यात भारी वाटते ती आजूबाजूची लाली, कारण तिथे तर आपण हातच लावलेला नसतो! ती नसांमुळे येते, नसा म्हणजे इथे रक्तवाहिन्या नाहीत, संवेदना नेणारे मज्जातंतू. कातडीतल्या नसेचा एक फाटा चेतवला की संदेश मेंदूपर्यंत न जाता दुसऱ्या फाट्याने तिथल्या तिथे परत येतो आणि शेजारच्या वाहिन्या रुंदावतात. म्हणून कुष्ठरोगाच्या चट्ट्यात, जिथे नसा मेलेल्या असतात, हिस्टामिन टोचलं तरी ही लाली येत नाही, डॉक्टरांनी या खुणेचा तपासणीला उपयोगही केलाय. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही हे मात्र लक्षात ठेवा, कोपराच्या आतल्या बाजूला बघा आणि बोट फिरवून फुगवटा चाचपा.

तर तुमच्या लेकीचं म्हणाल तर सगळ्यांच्याच कातडीत होणारी गोष्ट तिच्यात जरा जास्त होतेय, आपण अंगावर पित्त उठलं म्हणतो त्याचाच हा एक प्रकार, साधारण अर्ध्या तासात बसतं. खाज फार असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, हिस्टामिन अडवणाऱ्या गोळ्या मिळतात पण लहान मुलांना डोस त्यांनाच ठरवू द्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि वळ किती वेळ राहतो ते घड्याळ लावून एकदा बघून ठेवा, डॉक्टर विचारतीलच.