घरातले कोळी, मानेवरचे फोड आणि शेतातला पंप

ताई, आधी लेकीचं बोलू, कोळ्यांचं मागून.

तुम्ही लिहिलंय की लातूरच्या बाहेर, सोयाबीनच्या रानाला लागून नवं घर बांधून दोन महिने झाले. कोपऱ्याकोपऱ्यात जाळी आहेत, देवघराशेजारच्या फोटोमागे तळहाताएवढा कोळी राहतो, आणि परवा सकाळी दीड वर्षाच्या लेकीच्या मानेवर लाल पट्टा उठला, त्यावर बारीक फोड. सासूबाई म्हणतात कोळी मुतला. धाकटे दीर म्हणतात शेतातलं औषध पंपात भरून घरभर मारू, एकदाचा निकाल लागेल.

मी लातूर-धाराशिव भागात एकतीस वर्षं कृषी सहायक होतो. कीड आणि कीड खाणारे जीव बघणं हेच काम होतं. डॉक्टर मी नाही, म्हणून पोरीला आज संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांकडे न्याच. पण कोळी मुतल्याने फोड येत नाहीत, एवढं मी खात्रीने सांगतो. कोळ्याची घाण म्हणजे भिंतीवर जाळ्याखाली पडलेले चुन्यासारखे पांढरे ठिपके. ते ओल्या फडक्याने पुसले जातात, कातडी भाजत नाहीत.

मग पट्टा कशाचा? पावसाळ्यात, रानाला लागून घर, रात्री ट्यूबलाइट चालू, आणि सकाळी उठल्यावर लाल पट्टा. हे सगळं जुळलं की माझा संशय एका भुंगेऱ्यावर जातो. तो दिसायला मुंगीसारखा लांबट, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा. शास्त्रीय नाव पेडेरस. तो चावत नाही, डंखही मारत नाही. झोपेत मानेवर वळवळलं म्हणून आपण हात मारतो, तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं. त्या क्षणी काही कळत नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी आग सुरू होते आणि जिथवर हात फिरला तिथवर ओरखड्यासारखा पट्टा उठतो. तोवर भुंगेरा कधीच झाडून गेलेला असतो, आणि वर बघावं तर छताला कोळी बसलेला. आळ त्याच्यावर येतो.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. १९९८ च्या पावसाळ्यात आम्ही तालुक्याच्या गावी भाड्याने राहत होतो, तेव्हा माझ्या मुलीच्या कोपराच्या घडीत असेच फोड आले. आईने गेरू उगाळून लावला, शेजारच्या मावशींनी मंतरलेली राख दिली. चौथ्या दिवशी ते पिकलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा हात मिटून दाखवला. वरच्या बाजूचा डाग खालच्या डागावर तंतोतंत बसत होता, जणू शिक्का. म्हणाले, मध्ये काहीतरी चिरडलंय. त्या रात्री मी ट्यूबलाइटखाली पांढरी चादर अंथरून बसलो आणि अकरा वाजेपर्यंत सात भुंगेरे मोजले. मुलीच्या हातावरचा काळा डाग जायला दोन महिने लागले. राखेच्या नादात चार दिवस घालवले, ते मला आजही सलतं.

तर अंगावर तो दिसला की चिरडायचा नाही. फुंकर मारायची नाहीतर कागदावर घेऊन बाहेर टाकायचा. चिरडलाच तर जागा लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवायची, आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही, डोळा सुजून बंद होतो. चुना, गेरू, तंबाखू, टूथपेस्ट काही लावू नका. आणि मोठ्या माणसाला अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड आले, आधी दोन दिवस तिथे ठणका होता, तर ती नागीण असू शकते. तिचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग होतो, म्हणून तिथे तर 'कोळी मुतला' म्हणून थांबणं फार महागात पडतं.

आता घरातले कोळी. जगात त्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, पण तुमच्या-माझ्या घरात वर्षभर भेटणारे तीनच.

पहिला लांब, केसासारख्या पायांचा, करड्या रंगाचा. कोपऱ्यात, माळ्यावर, संडासाच्या खिडकीत असतो. तुमची नव्वद टक्के जाळी त्याचीच असणार. जाळ्याला बोट लावलं की तो अख्ख्या अंगाने इतका झपाट्याने हलतो की धूसर दिसायला लागतो. मादी अंड्यांचा गोळा तोंडात धरून हिंडते. हा डास धरतो, एडिससुद्धा, म्हणजे डेंग्यू पसरवणारा. याच्या जाळ्यात धूळ बसली की तो ते सोडून शेजारी नवं विणतो. म्हणून दहा जाळी दिसली तर दहा कोळी आहेत असं धरू नका. बरीचशी रिकामी असतात, त्यांनाच आपण जळमटं म्हणतो.

दुसरा भिंतीवर उड्या मारणारा, नखाएवढा. जाळं विणून बसत नाही, माशीवर मांजरासारखा दबा धरतो. समोर दोन टपोरे डोळे असतात, आपण बोट फिरवलं तर मान वळवल्यासारखा आपल्याकडे वळतो. लहान पोरांना दाखवायला याच्यासारखा कोळी नाही.

तिसरा तुमच्या फोटोमागचा. चपटा, तपकिरी, पाय पसरले तर तळहात भरतो. घाबरणं साहजिक आहे, कारण तो अचानक आणि आडवा पळतो. पण तो जाळं करत नाही आणि रात्री झुरळं खातो. स्वयंपाकघरात झुरळं असल्याशिवाय एवढा मोठा कोळी घरात टिकत नाही, तेव्हा एकदा सिंकखालचं कपाट उघडून बघाच. हाताने दाबला तर चावू शकतो, दुखतं, थोडी सूज येते, पण जिवाला धोका नाही. चावलेली जागा साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. मूल लहान असेल, किंवा उलटी, दरदरून घाम, श्वासाला त्रास असं काही झालं तर मात्र दवाखाना.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या भागात रात्री काहीतरी चावलं आणि दिसलं नाही, तर 'कोळी असेल' म्हणून कधीही झोपून जाऊ नका. मण्यार खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही म्हटलं तरी चालेल, दातांची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. माझ्या हद्दीतल्या एका गावात एक सालगडी याच समजुतीपायी सकाळपर्यंत थांबला आणि गेला. त्याची बायको मला आजही दिसते. लाल विंचवाचंही तसंच. दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणं म्हणजे विष हृदयावर चाललंय. त्यावर प्राझोसिन ही साधी गोळी जीव वाचवते हे दाखवून दिलं ते महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी, आणि ते मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भ्यायचंच असेल तर या दोघांना भ्या आणि वेळेत दवाखाना गाठा. कोळी त्या यादीत नाही.

दिरांना माझं हात जोडून सांगणं आहे की पंप घरात आणू नका. शेतातलं औषध उघड्या रानासाठी, हेक्टरी हिशोबाने बनवलेलं असतं. बंद खोलीत ते गादीत, पडद्यात, भिंतीत मुरतं, आणि तुमची पोर अजून फरशीवर बसून हात तोंडात घालते. डबीवरचा त्रिकोण बघा, लाल किंवा पिवळा असेल तर ते घराच्या उंबऱ्याच्या आत ठेवायचंसुद्धा नाही. ढेकणांसाठी असंच औषध मारलेल्या खोलीत झोपलेली दोन भावंडं मी पाहिलीत, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वेळेवर नेली म्हणून वाचली. घराघरांत ढेकूण-झुरळांवर वापरलं जायचं ते डायक्लोरव्हॉस तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणाच्या गोठ्यात जुनी बाटली असेल तर तीही वापरू नका.

आणि एवढं करून कोळी जातही नाही. झुरळ जमिनीला पोट घासत चालतं, मिशा-पाय चाटतं, म्हणून मारलेलं औषध त्याच्या पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, भिंतीवरचं औषध त्याला नीट लागतच नाही. अंगावर थेट फवारलं तरच मरतो, आणि आठवड्याने दुसरा येतो, कारण त्याचं खाणं तुमच्या दिव्यापाशी तयारच आहे.

खरा इलाज तिथेच आहे. दाराच्या अगदी डोक्यावर पांढरा झगझगीत बल्ब असेल तर तो काढून पिवळसर एलईडी लावा, जमलं तर दारापासून लांब. त्याच्याकडे किडे कमी येतात. त्या भुंगेऱ्यांचाही यानेच बंदोबस्त होतो. पेरणीपासून दिवाळीपर्यंत दिवेलागणीला खिडक्यांना जाळी हवीच, आणि लेक झोपते त्या खोलीत रात्री उजेड नको, मच्छरदाणी हवी. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी मारा. घराच्या भिंतीला लावून तुराट्या, पऱ्हाट्या, विटा, सोयाबीनची गुळी ठेवली असेल तर ती दहा-पंधरा फूट लांब हलवा. त्यात कोळ्यांपेक्षा विंचू जास्त असतात. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, कापूर, लिंबाच्या साली हे सगळं मी करून पाहिलंय. धूर असेपर्यंत कोळी सरकतात, रात्री परत जागेवर.

जाळी काढायची तर शिंदीचा फडा बांबूला बांधा, पण झाडल्यासारखा मारू नका, डिस्टेंपरवर काळे फराटे उठतात. जाळ्यात टोक घालून बांबू गोल फिरवा, जाळं सुतासारखं गुंडाळून येतं. फडा कोरडाच ठेवा. ज्या कोपऱ्यात कोळी जिवंत बसलाय तो कोपरा पडवीत, माळ्यावर, मोरीत असेल तर मी सोडून देतो. झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत मात्र पंधरा दिवसांनी हात फिरवायचा. आमच्या आईच्या काळी हे काम वर्षातून एकदाच नेटाने व्हायचं, घटस्थापनेआधी दसरा काढताना. गोधड्या-वाकळा नदीला जायच्या आणि बाप्ये माणसं माळवदाची जळमटं काढायची. चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या तुळयांमध्ये जाळी दिसतच नसत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडची कितीतरी माळवदं उतरवली गेली, पत्रा आणि स्लॅब आला, भिंती पांढऱ्या झाल्या. कोळी तेवढेच आहेत, पण आता दिसतात.

सासूबाई कोळी मारू देत नाहीत असंही तुम्ही लिहिलंय. त्यांचं ऐका. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळीही येतो, आपल्यातूनच धागा काढून पसरणारा आणि परत गिळणारा. हे नुसतं रूपक नाही. बागेत गोल चाकासारखं जाळं विणणारे कोळी जुनं जाळं खरोखर खाऊन टाकतात आणि त्यातूनच नवं विणतात. फोडांच्या बाबतीत मात्र सासूबाईंना तो भुंगेरा दाखवा, त्यांचाच संशय फिटेल.

राहिला फोटोमागचा. संध्याकाळी तो बाहेर येऊन भिंतीवर स्थिर बसला की काचेची मोठी बरणी हळूच उपडी घाला, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा भिंतीलगत खालून सरकवा, आणि बरणी पुठ्ठ्यासकट उचलून बांधावरच्या बाभळीपाशी नेऊन सोडा. पोटाखाली नाण्यासारखी पांढरी चपटी पिशवी धरलेली असेल तर ती मादी आहे, तिला चपलेने मारू नका. त्या पिशवीत शंभरावर पिल्लं असतात, ती फुटली तर घरभर होतील. बरणी धरायचा धीर होत नसेल तर दिरांना सांगा, पंपाऐवजी हे काम त्यांना द्या.