लेझर की व्हेझर, हे सगळ्यात शेवटी विचारा

ताई, दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलंय, इंदुरातल्या एका क्लिनिकनं 'लेझर लायपो करा, 10 किलो कमी होतील, संध्याकाळी घरी' असं सांगितलं, आणि लायपोसाठी, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढायच्या ऑपरेशनसाठी, लेझर चांगलं की व्हेझर, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्याच एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

10 किलोचं आश्वासन देणाऱ्यांकडे परत जाऊ नका. लायपोनं फक्त त्वचेखालची चरबी निघते, आतड्यांभोवतीची तशीच राहते. 2004 साली अमेरिकेत 15 लठ्ठ स्त्रियांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 10 किलो चरबी काढूनही त्यांच्या इन्सुलिनमध्ये, बीपीत, कोलेस्टेरॉलमध्ये काही सुधारणा दिसली नव्हती. शिवाय एका वेळी 5 लिटरच्या वर काढायचं म्हणजे ते मोठं ऑपरेशन, रात्रभर रुग्णालयात देखरेख हवीच. मग 10 किलो आणि संध्याकाळी घरी, हे जमणार कसं?

आधी पोट कशामुळे दिसतंय ते बघा. उताणं झोपून डोकं थोडं उचला. बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं आत जात असतील तर स्नायू फाकलेले असू शकतात. लायपोनं ते जुळत नाहीत, आणि लोंबणारी कातडीही आवळत नाही, तिला टमी टक, म्हणजे जादा कातडी कापून काढायचं ऑपरेशन, लागतं. हर्निया असेल तर चरबी ओढायची नळी आतड्यात शिरण्याचा धोका असतो, म्हणून सर्जनकडून पोट तपासून घ्या आणि सोनोग्राफी करा.

तंत्राचं म्हणाल तर आज रूढ असलेली पद्धत 1980 च्या दशकातली, अमेरिकेतल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञांनी आणलेली. सलाइनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि अ‍ॅड्रिनलिन मिसळून ते चरबीत भरतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव कमी होतो, मग बोथट नळीनं चरबी ओढून घेतात. व्हेझर ध्वनिलहरींनी चरबी सैल करतं, लेझर उष्णतेनं. दोन्हींत भाजण्याची जोखीम वाढते. मशीनपेक्षा हात महत्त्वाचा.

आणि ती रात्र. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मला फार तळमळीनं सांगावंसं वाटतं. चरबीत भरलेलं लिग्नोकेन रक्तात हळूहळू उतरतं, सगळ्यात जास्त प्रमाण साधारण 12 तासांनी होतं. म्हणजे सकाळी ऑपरेशन झालं तर पेशंट घरी झोपलेला असताना! ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव, बोलणं अडखळणं, असं काही दिसलं तर तत्काळ रुग्णालय गाठा. धाप, छातीत दुखणं, एकाच पायाची पोटरी सुजणं, असंबद्ध बोलणं ही रक्ताच्या किंवा चरबीच्या गुठळीची लक्षणं असू शकतात. पोटदुखी वाढत गेली, ताप आला तरी तसंच रुग्णालय गाठा. क्लिनिकला व्हॉट्सअ‍ॅप करून उत्तराची वाट बघू नका. इंदुरातलं सरकारी एमवाय रुग्णालय असो की जवळचं दुसरं मोठं रुग्णालय, थेट इमर्जन्सीत जा.

सगळं सुरळीत झालं तरी एक-दोन दिवस टाक्यांतून गुलाबी पाणी झिरपतं, घाबरू नका, गादीवर प्लास्टिक आणि जुनी चादर घाला. त्याच संध्याकाळी घरातल्या घरात चालायला लागा. पोट आवळून धरणारं घट्ट गारमेंट चार ते सहा आठवडे घालावं लागतं, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात करू नका, थंडी बरी. सूज उतरायला तीन महिने, खरा आकार दिसायला सहा. खाचखळगे आणि बधिरपणा काहींना राहतो. मेडिक्लेम कॉस्मेटिक सर्जरीचे पैसे देत नाही.

डॉक्टरांना विचारा: प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ असणार का, आयसीयू त्याच इमारतीत आहे का. गर्भनिरोधक गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, तंबाखू यातलं काहीही लपवू नका.

बाळ अजून अंगावर पीत असेल तर सध्या थांबाच. बाळंतपणानंतर बरेच महिने पोट आपणहून आवळत असतं.