दर रविवारी नवीन गाणं कोणी मागितलंय?

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची, बारावी कॉमर्सला आहे. गिटारवर स्वतःची गाणी लिहून गाते. मी तिचं यूट्यूब चॅनेल काढून दिलं, दर रविवारी एक नवीन गाणं टाकायचं ठरवलं. गाणं अर्धवट असतानाच मी ऐकतो आणि सुधारणा सांगतो. ती सारखी अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनची गाणी गात बसायची. स्वतःची शैली तयार व्हावी म्हणून ते बंद केलं. दिवाळीपासून तिचं एकही गाणं पूर्ण झालेलं नाही. गीतलेखनाचा चांगला कोर्स सुचवा. एक कंपनी 60 हजारांत अल्बम करून देते म्हणते, करावा का? – एक पालक, मिरज

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात व्ह्यूजचे आकडे आहेत, माइकची किंमत आहे, रविवारचं वेळापत्रक आहे. मुलगी गाणी कशावर लिहिते, हे मात्र कुठेच नाही.

पोरांना मारूनमुटकून इंजिनिअर करणारे बाप माझ्याकडे रोज येतात. तुम्ही मुलीच्या आवडीच्या बाजूने उभे आहात, म्हणून तुमचा दबाव तुम्हालाच दिसत नाही इतकंच. जेवताना ‘या रविवारचं झालं का?’ विचारलं काय आणि ‘अकाउंट्सचा धडा झाला का?’ विचारलं काय, तिच्या कानाला दोन्ही सारखंच.

गाणं होताना कसं दिसतं, ते जरा बघा. एकच कॉर्ड अर्धा तास वाजत राहते. चाल सुचते, शब्द सुचत नाहीत, मग अर्थ नसलेलं काहीबाही भरून गुणगुणायचं. मुखडा जमतो, अंतरा अडतो, वही पंधरा दिवस मिटलेली राहते. बाहेरून हा सगळा टाइमपास वाटतो. अशा वेळी कोणी येऊन ‘दुसऱ्या ओळीत यमक जुळत नाही’ म्हणालं, तर ती ओळ तिथेच मरते. मुलगी अडलेली नाही, तिने तुमच्यापुढे गाणं बंद केलंय. दार लावून ती लिहीतही असेल, आणि तसं असेल तर फार बरं.

डिलन बंद करणं हा तर कहरच. दुसऱ्याचं गायलं की आपलं बिघडतं, हा समज कुठून निघाला कोण जाणे. मिनेसोटातल्या हिबिंग या खाणीच्या गावातला हा पोरगा जानेवारी 1961 मध्ये न्यूयॉर्कला आला, तो वूडी गथ्री या लोकगायकाच्या वेडापायी. गथ्री तेव्हा न्यू जर्सीत रुग्णालयात होता. हा तिथे जाऊन त्याला त्याचीच गाणी ऐकवायचा. मार्च 1962 मध्ये पहिला अल्बम आला. गाणी 13, स्वतःची फक्त दोन. त्यातलं एक गथ्रीला उद्देशून, आणि त्याची चालसुद्धा गथ्रीच्याच गाण्यावरून घेतलेली. अल्बम फारसा खपला नाही. रेकॉर्ड कंपनीत निर्मात्याच्या नावाने ‘हॅमंडचा वेडेपणा’ अशी त्याची टिंगल झाली. पुढच्या वर्षीच्या ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या एका गीतावरून आलीय, हे त्याने स्वतःच सांगितलंय. ‘अ हार्ड रेन’मधला मायलेकाच्या सवाल-जवाबाचा साचा एका जुन्या ब्रिटिश कथागीताचा. 2016 चं साहित्याचं नोबेल मिळालेला माणूस असा घडला. तुमच्या घरात असता तर गथ्रीच्या रेकॉर्ड पहिल्याच महिन्यात माळ्यावर गेल्या असत्या.

आणि हे मी मिरजकरांना सांगायचं! अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात तालीम कशी होते, हे वेगळं सांगायला नको. गुरूच्या मागे तेच ते गात राहायचं. स्वतःचं काही असेल तर ते मागाहून येतं.

कोर्सचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत देता येतील, पदवीसाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहेच. तिथे गळा आणि कान तयार होतील. गाणं लिहून देण्याची हमी कोणीच देणार नाही.

60 हजार देऊ नका. ज्याला गाण्यातून पैसा दिसतो तो स्वतःचा पैसा घालतो, गाणाऱ्याच्या बापाकडे मागत नाही. शिवाय गाण्यात शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळा असतो. मुलगी अजून सज्ञान नाही, म्हणजे सही तुमच्याकडून घेतली जाईल आणि तिची गाणी तुमच्या सहीने दुसऱ्याची होतील. 2012 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला बरंच संरक्षण देतो, पण करार न वाचणाऱ्याला कायदा तरी किती सांभाळणार?

बारावी नीट होऊ दे, बी.कॉम.ला प्रवेश घेऊ दे. संध्याकाळी गिटार असतेच. रविवारचं टाइमटेबल आजच रद्द करा. चॅनेलचा पासवर्ड तिला द्या. जुने व्हिडिओ ठेवायचे की काढायचे ते ती ठरवेल. डिलन परत सुरू होऊ दे. कोर्सबद्दल पुढे काही विचारायचं असेल तर पत्र तिला लिहू दे, तुम्ही लिहू नका.