परभणीच्या भावाला: कॅनडात पायलटची युनियन अजून कामाची आहे का?

भावा, तुझा प्रश्न समजला. कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) हातात आहे, भारतात एटीआर या लहान विमानावर को-पायलट आहेस, आणि तिकडं पगारातून युनियनची वर्गणी सक्तीनं कापतात असं ऐकलंस. ती युनियन आता फक्त सिनियर कॅप्टनांची उरली आहे का, आणि त्यापेक्षा वर्गणीची भानगड नसलेलं दुबई-दोहा बरं का, असं तू विचारतोस.

मी अंबाजोगाईचा, कॅनडातच फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. माझं मत स्पष्ट आहे: साध्या पायलटला युनियन आजही लागते. पण नव्या माणसाला तिचा फायदा पगारात सगळ्यात शेवटी दिसतो, आणि तुझी शंका तिथंच खरी ठरते.

एअर कॅनडाचंच बघ. तिथले पायलट २०२३ मध्ये अल्पा या पायलटांच्या मोठ्या संघटनेत आले. सप्टेंबर २०२४ मध्ये संप अगदी तोंडावर आला होता. सरकारनं मध्ये पडायला नकार दिला आणि शेवटच्या घटकेला करार झाला: चार वर्षांत मिळून सुमारे ४२ टक्के वाढ. आकडा मोठा आहे. पण नव्या पायलटला सुरुवातीची चार वर्षं ठरावीक, कमी पगारावर काढावी लागायची, ती अट पूर्ण गेली नाही. चाराची दोन वर्षं झाली. मतदानात ६७ टक्क्यांनी होकार दिला, म्हणजे तिघातला एक जण विरोधात होता. ज्युनियर लोकांची नाराजी मला रास्त वाटते. सौद्याच्या टेबलावर ज्यांची नोकरी जुनी, त्यांचं पारडं जड असतं.

सिनियॉरिटीचंही तसंच. कोणतं विमान, कोणता बेस, दिवाळीला सुट्टी मिळणार का, सगळं नोकरीच्या ज्येष्ठता यादीतल्या तुझ्या नंबरावर. एअरलाइन बदलली की तुझा नंबर पुन्हा तळाला. म्हणून पहिली नोकरी नीट विचार करून धर. मंदी आली की तळाचेच आधी घरी जातात. मात्र परत बोलावतानाही त्याच यादीनं बोलावतात, साहेबाच्या मर्जीनं नाही. गल्फमध्ये हे नाही. अमिरातीत कामगार संघटनेला परवानगीच नाही, कतारमध्ये बाहेरून आलेल्या कामगाराला ती काढता येत नाही. २०२० मध्ये तिकडं पायलट कमी केले, तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. करमुक्त पगाराचा हिशेब घालताना हेही धर.

आता वर्गणी खरी कशासाठी, ते सांगतो. आमच्यातल्या एका पोरानं लागोपाठच्या रात्रपाळ्यांनंतर फटीग (अतिथकवा) कळवला आणि पुढची फ्लाइट नाकारली. दोन दिवसांनी ऑफिसातून बोलावणं आलं. लेकराचा चेहरा उतरला होता. सोबत युनियनचा माणूस गेला, तोही आमच्यासारखाच लाइन पायलट. बसल्या बसल्या त्यानं पहिला प्रश्न टाकला, ‘ही चौकशी शिस्तभंगाची आहे का?’ मग वही उघडली आणि समोरचा प्रत्येक प्रश्न वेळेसकट लिहून घेतला. वीस मिनिटांत बैठक आटोपली, फायलीत एक ओळही चढली नाही. तो पोरगा एकटा गेला असता तर माफीनामा लिहून आला असता. आपल्याकडं असे माफीनामे लिहिलेले मी पाहिलेत.

आपल्याकडं पायलट संघटना नाहीत असं नाही. ड्यूटीचे नवे नियम, आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती, हे संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढल्या म्हणून २०२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं लागू झाले. ते लागू झाल्यावर डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, त्याच कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. कोर्टातून मिळालेलं असं हातातून निसटतं. २००९ मध्ये जेट एअरवेजमध्ये युनियन काढणाऱ्या दोघा पायलटांना काढलं, तेव्हा सहकाऱ्यांना सामूहिक आजारी रजेवर जावं लागलं. कॅनडात विश्रांतीची बरीच कलमं कंपनीशी केलेल्या करारातही असतात. कंपनीनं ती मोडली की तक्रार लवादापर्यंत जाते.

वर्गणी मिळकतीच्या दोन टक्क्यांच्या आत असते. सभासद हो किंवा नको होऊ, ती कापली जाते. १९४६ मध्ये न्यायमूर्ती रँड यांनी दिलेल्या निवाड्यापासून कॅनडात ही रीत आहे. देणारच आहेस तर सभासद होऊन मत दे. तुझ्यासारखे ज्युनियर मत देत नाहीत, म्हणूनही तो कमी पगाराचा काळ टिकतो.

बॉन्डची काळजी मात्र आतापासून घे. लहान कंपन्या ट्रेनिंगच्या खर्चावर सही घेतात: मुदतीआधी नोकरी सोडलीस तर तो खर्च परत दे. आपल्या बीडकडं मुकादमाची उचल घेतली की फडातून पाय निघत नाही, तसंच हे. घरची जमीन गहाण ठेवून सीपीएल (पायलटचं व्यावसायिक लायसन्स) केलेल्या पोराला दुसरी उचल परवडत नाही. ऑफर आली की तिथला सामूहिक करार (युनियननं कंपनीशी केलेला) मागून घे, आणि तीन गोष्टी बघ: प्रोबेशन किती (त्या काळात युनियनचं संरक्षण पातळ असतं), बॉन्ड किती महिन्यांचा आणि दरमहा किती उतरतो, ठरावीक पगाराची वर्षं किती. लायसन्स बदलण्याच्या परीक्षा आणि मेडिकल यांचं वेळापत्रक ट्रान्सपोर्ट कॅनडा या तिथल्या सरकारी खात्याकडून आधीच पक्कं कर. भारतातल्या नोकरीचा राजीनामा त्यानंतरच दे, कारण डीजीसीएच्या नियमानं को-पायलटलासुद्धा सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते.