व्हीएचं कार्ड असलं तरी पार्ट बी घ्याच

पासष्टी जवळ आलीये, अमेरिकी सैन्यातल्या सेवेमुळे व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेचं कार्ड आहे, जुन्या कंपनीचा निवृत्तांचा विमाही चालू आहे. मग मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागाचा हप्ता कशाला भरायचा, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण कळकळीनं सांगतो, पार्ट बी सोडू नका.

व्हीए आणि मेडिकेअर एकमेकांची बिलं उचलत नाहीत. व्हीएच्या दवाखान्यात मेडिकेअर पैसे देत नाही. रात्री छातीत दुखलं आणि ॲम्ब्युलन्सनं जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, तर व्हीए स्वतःच्या अटींत बसेल तेवढंच देतं. निवृत्तांचा विमा तर मेडिकेअरनंतर पैसे देतो. पार्ट बी नसेल, तर बऱ्याच योजना मेडिकेअरचा वाटा वजा धरूनच हिशेब करतात आणि तो वाटा तुमच्या गळ्यात पडतो.

नोंदणीला 7 महिने मिळतात: पासष्टाव्या वाढदिवसाचा महिना, आधीचे 3, नंतरचे 3. पुढे उशिराच्या प्रत्येक पूर्ण 12 महिन्यांमागे हप्त्यावर 10 टक्के दंड, तोही पार्ट बी असेपर्यंत. तुमची किंवा जोडीदाराची नोकरी चालू असेल आणि विमा तिच्यातून असेल तर सवलत आहे. व्हीए किंवा निवृत्तांच्या विम्यावर नाही. मेडिकेअरच्या औषधांच्या भागाची, पार्ट डीची मात्र घाई नको, व्हीएची औषधं मिळत असतील तर त्याच्या उशिराचा दंड लागत नाही.

कंपनीचा विमा सोडण्याआधी तो परत मिळेल का, हे लेखी विचारा. हिवाळ्यात पुण्याला जाणार असाल, तर प्रवास विमा वेगळा काढा. मेडिकेअर तिथं चालत नाही. सेवेमुळे जडलेल्या आजाराचा खर्च व्हीए परदेशातही देतं, त्याची नोंदणी निघण्याआधी करा.